खरा दाखला, खरा खलाशी
शास्त्रवाचन : प्रेषितांची कृत्ये, अध्याय २७



अकोले तालुक्यातल्या वाड्यांवर काम करताना कधी समुद्राचा विषय निघेल असे मला वाटले नव्हते. आमच्याकडे डोंगर आहेत, भाताची खाचरे आहेत, हिरड्याची झाडे आहेत, भंडारदऱ्याचे पाणी आहे. समुद्र मात्र घाट उतरून दूरवर. पण तीन वर्षांपूर्वी एका महादेव कोळी कुटुंबातले वडील हातात एक कागद घेऊन माझ्याकडे आले. त्यांचा थोरला मुलगा तेव्हा एकोणीस वर्षांचा, दहावी पास.

"सर, तुम्ही शिकलेले. हा कागूद खरा हाय का, तेवढं सांगा."

कागद इंग्रजीत होता. वर जहाजाचे चित्र, खाली गोल शिक्का. मुलाची जहाजावर 'डेक क्रू' म्हणून निवड झाली आहे, प्रशिक्षण, दाखले आणि नोकरी मिळून १ लाख ८० हजार रुपये भरावेत, असा मजकूर. मी तो दोनदा वाचला आणि म्हणालो, "वाटतोय तरी खरा."

या तीन शब्दांवर त्यांनी बैलजोडी विकली आणि उरलेले पैसे व्याजाने काढले. मुलाला पाच दिवसांचे वर्ग मिळाले, कुठल्याशा परदेशी नावाचे एक पुस्तक मिळाले, आणि मग नवी मुंबईत एका खोलीत सात जणांबरोबर दीड महिना वाट पाहणे मिळाले. जहाज आलेच नाही. एजंटाचा फोन बंद झाला. मुलगा परत आला आणि नारायणगावच्या टोमॅटो बाजारात हमालीला लागला.

फसवणूक एजंटाने केली, पण चूक माझीही होती. मला कागद वाचता येत होता, तपासता येत नव्हता. त्यानंतर मी हा विषय मुळापासून समजून घेतला. जे समजले ते या पाठात मांडतो, म्हणजे तुमच्या मंडळीत कुणी असाच कागद घेऊन आले तर तुम्ही माझ्यासारखे उत्तर देणार नाही.

पौलाच्या जहाजावरचे खलाशी

प्रेषितांची कृत्ये २७ हा अध्याय आपण बहुतेक पौलाच्या विश्वासासाठी वाचतो. या वेळी तो खलाशांकडे लक्ष ठेवून वाचा. पौल कैदी म्हणून रोमकडे निघाला आहे. जहाजावर २७६ माणसे आहेत. पुढे जाणे धोक्याचे आहे असे पौल सांगतो, पण शताधिपती तांडेलाचे आणि जहाजाच्या मालकाचे ऐकतो. मग वादळ येते. कोणाचाही प्राण जाणार नाही, असे वचन देवदूत पौलाला देतो.

चौदाव्या रात्री खलाशांना जमीन जवळ आल्याची चाहूल लागते. ते अंधारात पाण्याची खोली मोजतात : आधी वीस वाव, थोडे पुढे पंधरा वाव. खडकावर आपटू नये म्हणून जहाजाच्या मागच्या बाजूने चार नांगर टाकतात. हे काम प्रवाशांना किंवा शिपायांना जमणारे नव्हते. त्यासाठी शिकलेले हात लागतात. पण त्याच रात्री हेच खलाशी नांगर टाकण्याचे निमित्त करून होडीतून पळू पाहतात. तेव्हा पौल शताधिपतीला स्पष्ट सांगतो की, ही माणसे जहाजात राहिली नाहीत तर तुमचा बचाव होणार नाही. शिपाई होडीचे दोर कापून टाकतात.

इथे थोडे थांबावे. देवाचे वचन आधीच मिळाले होते. तरी पौल असे म्हणाला नाही की, वचन आहे तर खलाशी कशाला? देवाने प्राण वाचवण्याचे ठरवले होते, आणि ते नांगर, दोर आणि ते हाताळणारी माणसे यांच्या हातून. कामाचे ज्ञान आणि जबाबदारी न सोडणे, या दोन्ही गोष्टी खलाशाकडे लागतात. आजचे दाखले नेमक्या याच दोन गोष्टींची साक्ष देण्यासाठी असतात.

दाखला कशासाठी?

१७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. कोकणात आजही त्या दिवसाची आठवण काढतात. १९१२ मध्ये 'टायटॅनिक' बुडाल्यावर १९१४ मध्ये समुद्रावरील जीवरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. पण चांगले जहाज पुरेसे नाही, माणसेही तयार हवीत, म्हणून १९७८ मध्ये लंडन येथे खलाशांचे प्रशिक्षण, दाखले आणि पहारा यांचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याला 'एसटीसीडब्ल्यू' म्हणतात. १९९५ मध्ये आणि पुन्हा २०१० मध्ये मनिला येथे त्यात मोठ्या सुधारणा झाल्या. भारतात त्याची अंमलबजावणी मुंबईचे नौवहन महासंचालनालय करते.

डेकवरचा खलाशी जहाज धक्क्याला बांधतो, नांगराच्या कामाला हात लावतो, सुकाणू धरतो, रात्री टेहळणी करतो, गंज खरवडून रंग देतो. धक्क्याला बांधलेला ताणलेला दोर तुटला तर त्याचा फटका माणसाला ठार करू शकतो. कुठे उभे राहायचे नाही, हेही शिकावे लागते. पूर्वी कोकणातले सारंग, टंडेल आणि सुकाणी हे काम बापाकडून मुलाकडे देत. आज त्याच कामाला बोसन, एबी आणि ओएस म्हणतात, आणि दाखल्याशिवाय कोणी डेकवर पाय ठेवू शकत नाही.

सरळ वाट कोणती?

पहिली पायरी म्हणजे डोळे. जहाजाच्या डाव्या बाजूला लाल दिवा असतो, उजव्या बाजूला हिरवा. रात्री समोरच्या जहाजाचे दोन्ही दिवे एकदम दिसले तर ते थेट आपल्या अंगावर येत आहे. ज्याला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही त्याला डेकवर घेत नाहीत, आणि ते योग्यच आहे. म्हणून महासंचालनालयाने मान्यता दिलेल्या डॉक्टरांकडून तपासणी आधी, पैसे नंतर.

दुसरी पायरी शिक्षणाची. साध्या खलाशासाठी 'जनरल पर्पज रेटिंग' हा सहा महिन्यांचा निवासी अभ्यासक्रम आहे. त्यासाठी दहावी उत्तीर्ण, विज्ञान, गणित व इंग्रजी हे विषय, किमान ४० टक्के गुण, आणि वय साडेसतरा ते पंचवीस. अनुसूचित जमातीच्या उमेदवारांना सवलती आहेत. त्या प्रवेशाच्या वेळी ताज्या परिपत्रकात पाहून घ्याव्यात. मुलींनाही ही वाट खुली आहे.

अभ्यासक्रमात जीव वाचवणे, आग विझवणे, प्रथमोपचार, वैयक्तिक सुरक्षा व सामाजिक जबाबदारी आणि जहाजाची सुरक्षा हे मूळ भाग येतात. पाण्यात उडी मारावी लागते, धुराच्या खोलीत शिरावे लागते. त्यापैकी जीव वाचवणे आणि आग विझवणे यांची उजळणी दर पाच वर्षांनी करावी लागते.

तिसरी पायरी कागदांची. प्रत्येकाला 'इंडॉस' क्रमांक मिळतो, आणि मग सीडीसी, म्हणजे खलाशाची ओळख आणि त्याच्या समुद्रावरील सेवेची नोंद ठेवणारे पुस्तक. एक गोष्ट अधोरेखित करावी : सीडीसी म्हणजे नोकरी नव्हे. आमच्या भागात बहुतेक फसवणूक याच गैरसमजावर चालते. पाच दिवसांचे वर्ग आणि एक पुस्तक देऊन 'आता तू खलाशी झालास' असे सांगतात.

चौथी पायरी समुद्रावरची. सुरुवातीला मुलगा प्रशिक्षणार्थी असतो. ठरलेला काळ जहाजावर काढून पहाऱ्याचा दाखला मिळतो. त्यानंतर डेकवर आणखी १२ ते १८ महिने काढून, वयाची १८ वर्षे पूर्ण असल्यास, 'एबल सीफेअरर'चा दाखला. ही वाट वर्षांची आहे, आठवड्यांची नाही.

पाणी मोजून पाहा

नोकरी लावून देणाऱ्या कंपनीकडे महासंचालनालयाचा 'आरपीएसएल' परवाना असावा लागतो. मान्यताप्राप्त संस्थांची आणि परवानाधारक कंपन्यांची यादी महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. आणि सर्वांत महत्त्वाचे : नोकरी लावण्यासाठी खलाशाकडून पैसे घेणे बेकायदा आहे. २००६ च्या सागरी कामगार करारातही तेच आहे आणि भारताने तो २०१५ मध्ये स्वीकारला. अभ्यासक्रमाची फी संस्थेला द्यावी लागते, ती पावतीवर. 'नोकरीचे' म्हणून कोणी रोख मागितले की तिथेच उठावे. कोणी पर्यटक व्हिसावर परदेशी जहाज गाठायला सांगितले, तरी उठावे.

याच कराराने खलाशाला दिवसात किमान दहा तास विश्रांतीचा हक्क दिला आहे. मालकाने जहाज वाऱ्यावर सोडले तर घरी परतण्याचा खर्च आणि चार महिन्यांपर्यंतचा पगार विम्यातून मिळण्याची तरतूद आहे. पण कागद खोटे असले की हे हक्क मागायचे कोणाकडे? खोटा दाखला मुलाचे पैसे खातो, वर त्याचे संरक्षणही काढून घेतो. आणि तो खरोखर जहाजावर चढला, तर आग लागेल तेव्हा नळी कशी धरायची हे न कळणाऱ्या माणसावर बाकीच्यांचे प्राण अवलंबून राहतात.

मंडळीचे काम

१८३१ मध्ये अहमदनगरला मिशनचे काम सुरू झाले. ते मिशनरी समुद्रमार्गेच या देशात आले होते. त्यांची नावे आपण जपली. त्यांना आणणाऱ्या खलाशांची नावे कोणालाच माहीत नाहीत. अनेक मंडळ्या जुलैच्या दुसऱ्या रविवारी समुद्रावरच्या लोकांसाठी प्रार्थना करतात. तुमच्या मंडळीतही करावी. पण प्रार्थनेबरोबर कागद तपासणारा एक माणूसही मंडळीने नेमावा. फीसाठी मदत हवी असेल तर राजूरच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात आणि नाशिकच्या शबरी आदिवासी वित्त व विकास महामंडळाकडे शिक्षणाच्या योजनांची चौकशी आधी करावी, सावकाराकडे नंतरही जाऊ नये.

गेल्या वर्षी ठाकर वाडीतला एक मुलगा याच वाटेने जायला निघाला. आम्ही पहिल्यांदा डोळे तपासले. त्याला लाल-हिरवा ओळखता आला नाही. तो रडला. पण घरातला एक रुपयाही गेला नव्हता. तो आता आयटीआयमध्ये फिटरचे काम शिकतो.

आणि तो पहिला मुलगा आज बावीस वर्षांचा आहे. घरचे कर्ज अजून फिटलेले नाही. पण त्याचे डोळे चांगले आहेत, दहावीला ४७ टक्के आहेत, आणि हातात वय आहे. मागच्या महिन्यात त्याने एका मान्यताप्राप्त संस्थेचा अर्ज आणला. या वेळी त्याच्या वडिलांनी मला 'खरा हाय का' असे विचारले नाही. ते म्हणाले, "सर, चला, आपण तिघं मिळून तपासू." आम्ही यादीत संस्थेचे नाव शोधले. ते होते. मग आम्ही अर्ज भरला, आणि प्रार्थना केली.

मनन व चर्चेसाठी

१. देवाचे वचन मिळाल्यावरही पौलाने खलाशांना जहाजात का थांबवले?
२. आपल्या मंडळीत कोणाकडे लोक कागद घेऊन येतात? त्या व्यक्तीला तो तपासता येतो का?
३. 'वाटतोय तरी खरा' असे आपण कोणत्या गोष्टींबद्दल सहज म्हणून जातो?

प्रार्थनेचे विषय : समुद्रावर असलेले सर्व खलाशी आणि त्यांची कुटुंबे, फसवले गेलेले तरुण आणि त्यांचे कर्जबाजारी आईवडील, आणि आमचा अर्ज भरलेला मुलगा.