हृदय व मेंदू यांचा रक्तपुरवठा

शरीराच्या प्रत्येक भागास प्राणवायू व पोषक द्रव्ये रक्तातून मिळतात. रक्त शरीरात चक्राकार फिरते, हे इंग्लंडमधील वैद्य विल्यम हार्वी यांनी १६२८ साली आपल्या ग्रंथात सप्रमाण दाखविले. परंतु रक्ताची निकड सर्व अवयवांना सारखी नसते. शस्त्रक्रियेच्या वेळी हाताचा रक्तप्रवाह तासभर रोखून धरता येतो. मेंदूचा प्रवाह मात्र सुमारे दहा सेकंद थांबला, तरी मनुष्य बेशुद्ध होतो. हृदय व मेंदू यांच्याजवळ प्राणवायूचा साठा जवळजवळ नसतोच. म्हणून रक्तवाहिन्यांच्या विकारांत या दोन अवयवांना सर्वांत मोठा धोका असतो.

हृदयाचा पुरवठा

हृदय रक्ताने भरलेले असले, तरी त्या रक्ताने त्याच्या जाड स्नायूची गरज भागत नाही. त्यासाठी महारोहिणीच्या उगमापाशी दोन हृद्‌रोहिण्या फुटतात व त्यांच्या शाखा स्नायूत पसरतात. विश्रांतीच्या वेळी हृदय दर मिनिटास सुमारे ५ लिटर रक्त बाहेर टाकते. त्यापैकी सुमारे पाव लिटर त्याच्या स्वतःच्या वाट्यास येते. हृदय आकुंचन पावते तेव्हा स्नायूतील वाहिन्या चेपल्या जातात. त्यामुळे डाव्या जवनिकेच्या भित्तीस बहुतेक रक्त दोन ठोक्यांमधील विसाव्यात मिळते. शिवाय रक्तातील प्राणवायूपैकी सुमारे ७० टक्के भाग हृदय विश्रांतीतही शोषून घेते. श्रमाच्या वेळी अधिक प्राणवायू हवा असेल, तर प्रवाह वाढविण्याखेरीज त्यास दुसरा मार्ग नसतो.

मेंदूचा पुरवठा

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असते. पण विश्रांतीत शरीरास लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के प्राणवायू तो एकटा वापरतो. मानेच्या पुढील भागातून दोन व पाठीच्या कण्यालगत दोन, अशा चार रोहिण्या त्याच्याकडे जातात आणि त्याच्या तळाशी परस्परांस जोडल्या जाऊन एक वलय तयार होते. थॉमस विलिस यांनी १६६४ साली त्याचे वर्णन केले. एक वाट बंद झाल्यास या वलयातून दुसऱ्या वाटेचे रक्त पोहोचू शकते. मात्र अनेक माणसांत हे वलय अपुरे असते.

मेंदूच्या दर १०० ग्रॅम भागास मिनिटाला सुमारे ५० घन सेंटिमीटर रक्त मिळते. ते सुमारे २० च्या खाली गेल्यास पेशींचे कार्य थांबते, पण त्या काही काळ जिवंत राहतात. ते १० च्या खाली गेल्यास त्या थोड्याच मिनिटांत मरू लागतात.

वाहिनी अरुंद होते तेव्हा

रोहिणीविलेपी विकारात वाहिनीच्या आतील थरात कोलेस्टेरॉलासारखे मेदयुक्त पदार्थ साचतात व मार्ग अरुंद होतो. उच्च रक्तदाब, मधुमेह व तंबाखूचे सेवन यांमुळे ही क्रिया वेगाने होते. नळीची त्रिज्या निम्मी झाली, तर त्याच दाबाखाली तिच्यातील प्रवाह सोळाव्या हिश्श्यावर येतो, हा नियम फ्रेंच वैद्य प्वाझय यांच्या प्रयोगांतून सिद्ध झाला आहे. शरीरात पुढील लहान वाहिन्या रुंदावून ही उणीव काही काळ भरून काढतात. म्हणूनच हा विकार वर्षानुवर्षे लक्षात येत नाही. पुढे जिना चढताना किंवा ओझे उचलताना छातीत दाटून येते व थांबल्यावर बरे वाटते. यास हृच्छूल म्हणतात.

साचलेल्या थराचे आवरण फाटल्यास तेथे रक्ताची गुठळी होते. ती हृद्‌रोहिणीत अडकली तर हृदयविकाराचा झटका येतो. मानेतील रोहिणीतून तिचा तुकडा वर गेला तर पक्षाघात होतो. हृदयाची लय बिघडल्यास हृदयातच झालेली गुठळीही मेंदूत जाऊ शकते. काही पक्षाघात मात्र वाहिनी फुटून रक्तस्राव झाल्यामुळे होतात.

वेळेचे मोल

गुठळीने वाहिनी बंद झाली, तरी तिच्यावर अवलंबून असलेला सर्व भाग एकदम मरत नाही. मध्यभाग लवकर नष्ट होतो. भोवतालचा भाग निष्क्रिय, परंतु जिवंत असतो. तो वाचविणे हेच उपचाराचे मुख्य उद्दिष्ट होय. पक्षाघातात गुठळी विरघळविणारे औषध सामान्यतः पहिल्या साडेचार तासांत देतात. रक्तस्राव असल्यास तेच औषध घातक ठरते. म्हणून आधी मेंदूचे क्ष-किरण संगणकीय चित्रण करावे लागते. हृदयाच्या झटक्यातही औषधाने किंवा बारीक नळीच्या साहाय्याने वाहिनी जितक्या लवकर मोकळी होईल, तितका अधिक स्नायू वाचतो.

छातीच्या मध्यभागी दाब किंवा वेदना, घाम व धाप. अथवा चेहरा एका बाजूस वाकडा होणे, एक हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे, ही लक्षणे दिसताच रुग्णास त्वरित रुग्णालयात न्यावे. भारतातील अनेक राज्यांत १०८ या दूरध्वनी क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. मेंदूच्या विकाराची लक्षणे काही मिनिटांत आपोआप नाहीशी झाली, तरी वैद्यकीय तपासणी टाळू नये. कारण तो पुढील मोठ्या आघाताचा इशारा असू शकतो.