वर्गणी काढण्याआधी

धाकट्या भावाच्या बायपाससाठी आम्ही लोकांकडून पैसे गोळा केले. रिक्षा स्टँडवरच्या मित्रांनी दिले, गणेश मंडळाने दिले, शाळेतल्या वर्गमित्रांनी दिले. त्यांचे उपकार फिटणारे नाहीत. पण त्यातले बरेच पैसे मागायची वेळच यायला नको होती, हे आम्हाला कळलं ते बिल भरून झाल्यावर, तेही शेजारच्या खाटेवरच्या आजींच्या मुलाकडून. रुग्णालय धर्मादाय होतं. बिलिंगच्या खिडकीवर कोणी हे सांगितलं नाही, आणि कोणी आपणहून सांगेल अशी अपेक्षा तुम्हीही ठेवू नका.

महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ ककखाली मोठ्या धर्मादाय रुग्णालयांना गरिबांसाठी खाटा राखून ठेवाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून ही योजना चालते. १० टक्के खाटा निर्धनांना मोफत, १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल. या खर्चासाठी रुग्णालय आपल्या बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत बाजूला काढतं. म्हणजे तो पैसा तिथेच असतो, मागणारा हवा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन पहिल्याच दिवशी वैद्यकीय समाजसेवकाला भेटा. दाद मिळाली नाही तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या. तोंडी बोलणं हवेत विरतं.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेचंही तसंच. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि बायपास त्यात बसते. मात्र रुग्णालय योजनेत हवं आणि मंजुरी शस्त्रक्रियेआधी हवी. आधी खिशातून भरू, मग परत मागू, हा हिशेब इथे चालत नाही. आरोग्यमित्राचं टेबल कुठे आहे, ते दाखल होतानाच विचारा.

खरं तर पैशाच्याही आधीची गोष्ट वेळेची. भाऊ सेहेचाळीस वर्षांचा. छातीत जळजळ, घाम, जबड्यात कळ. स्टँडवर सगळ्यांचं निदान एकच: पित्त. सोडा पिऊन तो दुसऱ्या दिवशीही रिक्षा चालवत राहिला. या वयात कुठला हार्ट अटॅक, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी सांगतो: नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी आणि सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या रुग्णांचं पहिल्या झटक्याचं वय ५३ च्या आसपास होतं, इतर देशांत जवळपास ५९. आपल्याकडे हे दुखणं लवकर गाठतं. तेव्हा १०८ ला फोन करा, ईसीजी काढा. पहिला ईसीजी स्वच्छ आला म्हणून उठून घरी जाऊ नका. डॉक्टर ट्रोपोनिनची रक्ततपासणी आणि पुन्हा ईसीजी सांगतील, तोवर थांबा.

एवढं करूनही पैसे कमी पडतात, हे मान्य. मग आवाहन जरूर करा. पण नळ्या लावलेल्या माणसाचा फोटो टाकू नका. ‘फोटोने पैसे लवकर येतात’ असं सांगणारे भेटतील; बरा झाल्यावर त्या माणसाला याच गावात फिरायचं असतं. आवाहनावर तारीख घाला, लागणारी रक्कम लिहा आणि शक्यतो रुग्णालयाच्याच खात्याचा क्रमांक द्या. पैसे उरले तर त्यांचं काय करणार, तेही आधीच लिहा. आमच्या संदेशावर तारीख नव्हती. तो फिरत राहिला आणि काही महिन्यांनी मूळ मजकूर तसाच ठेवून खाली भलताच क्यूआर कोड लावलेला आमच्याच ओळखीच्या ग्रुपवर आला. सायबर पोलिसांत तक्रार दिली आहे.

देणाऱ्यांनीही रुग्णालयात फोन करून रुग्ण दाखल आहे का, एवढं तरी विचारावं. व्यक्तीला दिलेल्या मदतीवर ८०-जीची करसवलत मिळत नाही. नोंदणीकृत संस्थेला दिली तर मिळू शकते, आणि तिथेही २,००० रुपयांवरची रोख चालत नाही.

माझ्या भावाच्या नावाचा संदेश तुमच्याकडे आला तर पैसे पाठवू नका. तो घरी आहे, गोळ्या सुरू आहेत, बिल कधीच भरून झालं आहे.