मिर्याम छावणीबाहेर का राहिली?



परदेशी नोकरीला गेलेली मुलगी एके दिवशी फोनवर सांगते, "मी लग्न ठरवलंय." पाठोपाठ फोटो येतो. मुलगा शिकलेला आहे, मिस्साला जाणारा कॅथलिक आहे. पण काळा आहे. घर एकदम गप्प होते. मग कोणीतरी म्हणते, "लोक काय म्हणतील?"

विवाहाला बाध आणणाऱ्या गोष्टी ख्रिस्तसभेच्या कायद्यात सांगितल्या आहेत : अपुरे वय, आधीचे विवाहबंधन, जवळचे रक्ताचे नाते इत्यादी. त्यांत कातडीचा रंग कोठेही नाही.

याच आधारावर अमेरिकेत एका कॅथलिक जोडप्याने लढा दिला. आंद्रेया पेरेझ ही मेक्सिकन वंशाची, सरकारदरबारी 'गोरी'. सिल्वेस्टर डेव्हिस हा कृष्णवर्णीय. १९४७ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये त्यांना विवाहाचा परवाना नाकारण्यात आला. त्यांच्या वकिलाचा एक मुद्दा असा होता, की आमची ख्रिस्तसभा यांना विवाह संस्कार द्यायला तयार असताना सरकारने आड का यावे? खेदाची गोष्ट ही, की तेथील महाधर्मप्रांताने त्यांच्या बाजूने साक्ष द्यायचे टाळले. तरीही १ ऑक्टोबर १९४८ रोजी कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी तो कायदा रद्द ठरवला. १९६७ मध्ये लव्हिंग खटल्याच्या निकालाने संपूर्ण देशातले असे कायदे संपले.

गॅलप संस्थेच्या पाहणीत १९५८ साली काळ्या-गोऱ्यांच्या विवाहाला अवघ्या ४ टक्के अमेरिकनांची संमती होती. २०२१ साली ती ९४ टक्के झाली. पण पाहणीत "हो" म्हणणे वेगळे आणि जावयाला उंबरठ्यावरून आत घेणे वेगळे. न्यायालयाचा हुकूम स्वयंपाकघरापर्यंत पोहोचत नाही.

गणना ग्रंथाचा बारावा अध्याय वाचा. मोशेने कूशी स्त्रीशी, म्हणजे मिसरच्या दक्षिणेकडील देशातल्या स्त्रीशी लग्न केले म्हणून त्याची सख्खी भावंडे, मिर्याम व अहरोन, त्याच्याविरुद्ध बोलू लागली. देवाचा कोप झाला आणि मिर्यामला कोड फुटले. वहिनीला परकी मानणारी स्वतःच सात दिवस छावणीबाहेर राहिली. तिच्यासाठी प्रार्थना कोणी केली? ज्याला तिने दुखावले त्या मोशेनेच. आणि ती परत येईपर्यंत सारी प्रजा जागची हलली नाही. एका घरातल्या आकसाने सगळ्यांची वाट अडते.

आईवडिलांनी काहीच विचारू नये असे आम्ही म्हणत नाही. मुलाचा स्वभाव कसा, श्रद्धा कशी, लेकरांना कोणत्या धर्मात वाढवणार, हे विचारणे पालकांचे कर्तव्यच आहे. कसोटी एकच : मुलगा गोरा असता तर हाच प्रश्न आपण विचारला असता का? नसता विचारला, तर तो काळजीतून आलेला नाही, आकसातून आलेला आहे. सून पाहताना "गोरी हवी" म्हणणारे आणि अजूनही जात विचारणारे आपणही या कसोटीतून सुटत नाही.

या आठवड्यात जेवणानंतर घरी दोन प्रश्नांवर बोला :

१. आपल्या घरात कोणाच्या लग्नानंतर बोलणे बंद झाले आहे का?

२. पहिला फोन कोण करणार?

मोशेने बहिणीसाठी केली तशी प्रार्थना आम्हीही आपणा सर्वांसाठी करीत आहोत.