खुब्याच्या सांध्यातील अडकण आणि तिचे चित्रनिदान

तरुण वयात जांघेत दुखू लागले, उकिडवे बसताना किंवा मांडी घालताना खुबा अडल्यासारखा वाटू लागला, तर पुष्कळदा ते कंबरेचे दुखणे समजून तेल चोळले जाते. दुखरी जागा दाखविताना असा रुग्ण अंगठा मागे व बोटे जांघेकडे ठेवून खुब्याला हाताचा विळखा घालतो. ही खूण ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

खुबा हा उखळीचा सांधा होय. मांडीच्या हाडाचा गोल माथा कटीच्या हाडातील खोलगट उखळीत फिरतो व उखळीच्या काठाला कूर्चेची मऊ कड असते. माथा व मान यांच्या सांध्यावर हाडाचा उंचवटा असल्यास पाय दुमडताना तो आत शिरून कूर्चा खरवडतो. यास ‘कॅम’ प्रकार म्हणतात. उखळीचा काठच पुढे आलेला असल्यास मान त्यावर आदळून मऊ कड चिमटली जाते. हा ‘पिन्सर’ प्रकार. अनेकांत दोन्ही एकत्र आढळतात. वाढीच्या वयात फुटबॉलसारखे खेळ कसून खेळणाऱ्यांत कॅम प्रकार अधिक दिसतो. अशा घासणीतून सांध्याची अकाली झीज होऊ शकते, हा विचार स्वित्झर्लंडमधील बर्न येथील शल्यविशारद राइनहोल्ड गान्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली सविस्तर मांडला.

तपासणीचा आरंभ साध्या क्ष-किरण चित्राने करावा. संपूर्ण कटीचे समोरून एक चित्र घ्यावे. त्या वेळी रुग्ण सरळ झोपलेला असणे फार महत्त्वाचे आहे. कटी थोडी जरी कलली, तरी उखळीच्या पुढच्या व मागच्या कडांच्या रेषा एकमेकींना छेदताना दिसतात आणि नसलेला पिन्सर दोष चित्रात उमटतो. म्हणून माकडहाडाचे टोक व जघनास्थींचा सांधा एका सरळ रेषेत आहेत की नाहीत, हे तंत्रज्ञाने प्रथम पाहावे. कॅमचा उंचवटा बहुधा पुढच्या बाजूस असल्याने समोरच्या चित्रात लपतो. तो पाहण्यासाठी खुबा ४५ अंशांत दुमडून ‘डन’ पद्धतीचे दुसरे चित्र घेतात.

या चित्रांवर कोन मोजले जातात. माथ्यावर वर्तुळ काढून त्याच्या केंद्रापासून एक रेषा मानेच्या अक्षातून व दुसरी हाड वर्तुळाबाहेर पडते त्या बिंदूपर्यंत ओढली, की ‘अल्फा’ कोन मिळतो. तो सुमारे ६० अंशांहून अधिक असल्यास कॅम आकार मानतात. उखळीचे आच्छादन मोजणारा दुसरा कोन ४० अंशांपुढे गेल्यास पिन्सरची शंका येते. तो २० अंशांहून कमी भरल्यास मात्र उखळ उथळ असते आणि तिचा काठ छाटणे घातक ठरू शकते. कूर्चा व मऊ कड क्ष-किरणांत दिसत नाहीत. त्यासाठी एमआरआय लागतो. सीटी स्कॅन मुख्यतः शस्त्रक्रियेची आखणी करताना उपयोगी पडतो.

परंतु केवळ अहवालात ‘कॅम’ शब्द आला म्हणून कोणी शस्त्रक्रियेस राजी होऊ नये. काहीही न दुखणाऱ्या पुष्कळ माणसांत असाच आकार आढळतो. २०१६ सालच्या वॉरिक येथील तज्ज्ञांच्या मतैक्यानुसार रुग्णाची तक्रार, वैद्याच्या हाताला मिळालेली लक्षणे व चित्रातील दोष, ही तिन्ही जुळली तरच या विकाराचे निदान होते. खुबा दुमडून, गुडघा आत नेऊन पाय फिरविल्यावर जांघेत नेहमीचीच कळ उठते का, हे प्रथम पाहावे. अर्थात ही कळ खुब्याच्या इतर विकारांतही उठते. निदान पक्के झाल्यावरही व्यायामोपचार, दुखविणाऱ्या हालचाली टाळणे व उंच आसनावर बसणे हे उपाय प्रथम करून पाहण्यास हरकत नसते.

एक इशारा मात्र आवश्यक आहे. रात्री वाढणारे दुखणे, ताप, वजन घटणे किंवा लहान मुलाचे लंगडणे यांस अडकण समजून थांबू नये. खुब्याचा क्षय किंवा रक्तपुरवठा खुंटून माथ्याचे हाड मरणे, हे विकार आरंभी साध्या क्ष-किरण चित्रात दिसतीलच असे नाही. मूत्रपिंडाच्या किंवा दम्याच्या आजारासाठी दीर्घकाळ स्टेरॉइड घेतलेल्या, तसेच सिकलसेल असलेल्या रुग्णांनी ही माहिती डॉक्टरांना आपण होऊन सांगावी व जुनी चित्रे बरोबर न्यावीत.