अंगठ्याच्या बुडाशी दहा किलो

अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत पेन्सिल घट्ट धरा. आता दुसऱ्या हाताने अंगठ्याच्या बुडाशी असलेला मांसल उंचवटा चाचपून पाहा. तो कडक झालेला लागेल. पेन्सिल धरली आहे टोकांनी, मग ताण इतक्या लांब कसा?

माझ्या आईला हा प्रश्न फार जवळचा आहे. कुलपात किल्ली फिरवताना तिचा अंगठा दुखतो, पण पेरात नव्हे, बुडाशी. डॉक्टरांनी झिजेचा संधिवात असल्याचे सांगून स्प्लिंट, म्हणजे आधाराची पट्टी, लावायला सांगितली. "एवढ्याशा प्लास्टिकने काय होणार रे?" असे तिने मला विचारले. पदार्थविज्ञान शिकवण्यात माझी वीस वर्षे गेली. आईने त्यातले काही विचारण्याची ही पहिलीच वेळ.

तिसऱ्या प्रकारची तरफ तुम्हांला ठाऊक आहे: टेकू एका टोकाला, भार दुसऱ्या टोकाला आणि बल मध्ये. अंगठा तसाच आहे. टेकू म्हणजे बुडाचा सांधा. तेथून टोकापर्यंत अंतर सुमारे १० सेंटिमीटर, पण स्नायू ओढतात ते सांध्यापासून सुमारे १ सेंटिमीटरवर. समजा, टोकाने १ किलोग्रॅम वजनाइतक्या बलाने किल्ली दाबली. मग

१ × १० = बल × १

म्हणजे स्नायूंना १० किलो वजनाइतके ओढावे लागते आणि ही ओढ सांध्यातील हाडे एकमेकांवर दाबते. आपले गणित ढोबळ आहे. कूनी व चाओ या संशोधकांनी १९७७ मध्ये सर्व स्नायू हिशेबात धरून काढलेला आकडा १२ किलो आहे. मूठ जोराने आवळली तर तो १२० किलोपर्यंत जाऊ शकतो!

त्यात हा सांधा खोगिराच्या आकाराचा. म्हणूनच अंगठा सगळीकडे वळतो, पण भोवतालचे बंध सैल झाले की हाड बाहेरच्या बाजूला घसरू लागते. मग दाब सांध्याच्या थोड्याच भागावर येतो आणि तेथील गुळगुळीत कूर्चा झिजते.

स्प्लिंट हे घसरणे रोखते. प्लास्टिकची फूटपट्टी दोन टोकांशी एका बाजूने आणि मध्यभागी उलट बाजूने दाबून पाहा. तीन ठिकाणच्या दाबाने ती हवी तशी धरून ठेवता येते. स्प्लिंटही हाडाला असेच धरते आणि स्नायूंच्या कामाचा काही वाटा त्वचेवर घेते. हा वाटा बोचू नये म्हणून ती रुंद करतात. २ किलोचे बल ४ चौरस सेंटिमीटरवर आले, तर दाब दर चौरस सेंटिमीटरला अर्धा किलो. २० चौरस सेंटिमीटरवर पसरले, तर दशांश किलो. काढल्यावर अर्ध्या तासानेही लाल वळ राहिला, तर ती बनवणाऱ्या तज्ज्ञाकडून सुधारून घ्यावी.

बनवण्याची रीतही गमतीची आहे. हे प्लास्टिक साधारण ६५-७० अंश सेल्सिअसच्या पाण्यात मऊ पडते. ते पुसून, सोसेल इतके निवल्यावर हातावर बसवतात आणि काही मिनिटांत ते घट्ट होते. (उन्हात उभ्या मोटारीत ठेवले, तर आकार बिघडतो.)

पण गणित पटले म्हणून दुखणे थांबलेच पाहिजे असे नाही. ते मोजावे लागते. फ्रान्समध्ये ११२ रुग्णांवर झालेल्या, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रात्री स्प्लिंट लावणाऱ्यांना महिन्याभराने काहीच फरक दिसला नाही. वर्षाने मात्र वेदना कमी झाल्या. उलट ब्रिटनमधील ३४९ रुग्णांच्या अलीकडच्या चाचणीत, व्यायाम व हात वापरण्याच्या रीती शिकवलेल्यांना वर स्प्लिंट दिल्याने आठ आठवड्यांत अधिक लाभ झाला नाही. झिजलेली कूर्चा तर ती भरून काढतच नाही. मोडलेल्या हाडाच्या कामट्यांप्रमाणे ती सतत बांधूनही ठेवायची नसते, सांधा आखडतो.

हे सारे मी आईला सांगितले. ती भाजी चिरताना स्प्लिंट लावते, एरवी काढून ठेवते. किल्लीचा उपाय मात्र तिचा तिनेच काढला. किल्लीच्या भोकात ती एक लांब खिळा आडवा घालते आणि तो चार बोटांनी फिरवते. अंगठा लागतच नाही.