हिरव्या पालेभाज्यांची साठवण

मनमाड ते छत्रपती संभाजीनगर या लोहमार्गावरील लासूर स्टेशन हे गंगापूर तालुक्यातील व्यापारी गाव होय. कांदा आठवडाभर थांबू शकतो. मेथी, कोथिंबीर, शेपू मात्र थांबत नाहीत. पहाटे टवटवीत असलेली जुडी उन्हाळ्यात दुपारपर्यंत मान टाकते आणि अल्पभूधारकास ती मिळेल त्या भावाने द्यावी लागते. हे नुकसान टाळण्याचे उपाय साधे आहेत.

भाजी का सुकते?

कापणीनंतरही पान जिवंत असते. त्याचे श्वसन चालू राहते व त्यात साठलेले अन्न खर्ची पडते. तापमान १० अंशांनी वाढले की श्वसनाचा वेग साधारणपणे दुप्पट ते तिप्पट होतो. शिवाय पानात सुमारे ९० टक्के पाणी असते. मुळांकडून होणारा पुरवठा थांबतो, परंतु बाष्पीभवन थांबत नाही. पाण्याबरोबर ‘क’ जीवनसत्त्वही घटते. म्हणून गारवा व दमट हवा या साठवणीच्या दोन मुख्य गरजा होत.

शेतात व घरात

भाजी पहाटे किंवा सायंकाळी काढावी व तत्काळ सावलीत न्यावी. पिवळी, किडलेली पाने निवडून टाकावीत. घोळाणा, कोशिंबीर यांसाठी पाने कच्ची खाल्ली जातात. म्हणून शिंपडण्याचे व धुण्याचे पाणी पिण्यायोग्यच असावे. धुतलेली भाजी पूर्ण निथळू द्यावी, कारण पानांवर साचलेले पाणी सडण्यास कारण होते. कोथिंबिरीची मुळे पेल्यातील पाण्यात बुडवून ठेवल्यास ती अधिक टिकते. इतर जुड्या ओलसर सुती फडक्यात सैल गुंडाळाव्यात. पिकलेली केळी, टोमॅटो यांच्याशेजारी पालेभाजी ठेवू नये. त्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने पाने पिवळी पडतात.

शून्य ऊर्जा शीतकक्ष

नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने १९८०च्या दशकात विकसित केलेला हा कक्ष विजेशिवाय चालतो. १६५ सें.मी. लांब व ११५ सें.मी. रुंद असा विटांचा थर अंथरून त्यावर ६७.५ सें.मी. उंचीची दुहेरी भिंत रचतात. दोन्ही भिंतींमधील ७.५ सें.मी. पोकळीत वाळू भरून सकाळ-सायंकाळ ती पाण्याने भिजवितात. वर बांबूच्या चौकटीवर वाळा किंवा गोणपाटाचे झाकण आणि त्यावर सावलीसाठी छप्पर असते. पाण्याची वाफ होताना उष्णता शोषली जाते. त्यामुळे कोरड्या उन्हाळ्यात आतील तापमान बाहेरच्यापेक्षा १० ते १५ अंशांनी कमी राहते व आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास टिकते. मात्र पावसाळ्यात हवा दमट असल्याने हा लाभ फारसा मिळत नाही.

पंचायत व शाळा

बाजाराच्या जागी ग्रामपंचायतीने असा कक्ष बांधल्यास उरलेली भाजी दुसऱ्या दिवशी विकता येईल. तथापि टंचाईच्या महिन्यांत वाळू भिजविण्यास पाणी कोठून येणार, याचा विचार आधी व्हावयास हवा. धुण्याचे निथळलेले स्वच्छ पाणी वाळूसाठी चालते. कक्ष सावलीत व वारा खेळता असेल अशा जागी बांधावा आणि दररोज पाणी घालण्याची जबाबदारी एका व्यक्तीकडे सोपवावी. वाळू एकदा कोरडी पडली की कक्ष म्हणजे केवळ विटांची पेटी उरते. शालेय पोषण आहाराच्या स्वयंपाकघरात लहान कक्ष उभारल्यास मुलांच्या ताटात ताजी पालेभाजी येईल, तसेच शिक्षकांना बाष्पीभवनाचा धडा प्रत्यक्ष दाखविता येईल.