हत्यार घेताना दर पाहा, पण आधी पोलाद पाहा
हातहत्यारांची पारख आणि गॅरंटी-वॉरंटीचा खरा अर्थ

कारागिराची दौलत त्याच्या हातात असते, असे आपण म्हणतो. पण नुसत्या हाताने नट फिरत नाही की लाकूड कापले जात नाही. हातात हत्यार लागते आणि ते भरवशाचे लागते. वकिलाने पुस्तकावर आणि दुकानदाराने तराजूवर खर्च करावा, तसा कारागिराने हत्यारावर करावा. प्रत्यक्षात उलटे घडते. पेटी भरताना आम्ही दहा रुपयांसाठी घासाघीस करतो आणि पोलादाविषयी एक प्रश्नही विचारीत नाही.

आमच्या परिचयातील एका तरुण प्लंबरने उसने पैसे घेऊन नवी पेटी केली. पाने, पक्कड, हातोडी, पाईप पाना, सगळे मिळून दोन हजारांच्या आत बसले. पंधराव्या दिवशी पाईप पान्याचा वरचा जबडा कामावरच तुटला, जोरात असलेला हात भिंतीवर आदळला, दोन बोटांना टाके पडले आणि नऊ दिवसांची रोजी गेली. तो दुकानात गेला तेव्हा प्रश्न आला, "बिल आहे का?" बिल नव्हते. विकताना "बिनधास्त वापर, गॅरंटी आहे" असे तोंडी सांगितले होते, एवढेच. दुकानदार त्याच मोहल्ल्यातील. त्यानेही तो माल घाऊक बाजारातून पेटी न उघडताच उचलला होता. फसविण्याचा इरादा कोणाचाच नव्हता, पण सलाम-दुआ बंद झाली. म्हणून आजचा हा पाठ घेणाऱ्यांसाठी आहे, तसाच विकणाऱ्यांसाठीही आहे.

स्वस्त म्हणजे वाईट नव्हे

आधी एक गैरसमज दूर करू. प्रत्येक स्वस्त हत्यार टाकाऊ नसते. आपल्या देशात हातहत्यारांचा मोठा धंदा पंजाबात जालंधर व लुधियाना येथे आहे. राजस्थानात नागौर येथे लोहार कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या पक्कड, हातोडी, छिन्नी घडवितात. जालंधरला केंद्र सरकारची हातहत्यार संस्था आहे आणि तिचे केंद्र नागौरलाही आहे. महाराष्ट्रात नाशिकच्या सातपूरमधील टपारिया हे नाव प्रत्येक गॅरेजला ठाऊक आहे. या कंपनीने १९६९ साली स्वीडनच्या बाहको कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने उत्पादन सुरू केले. या मोठ्या नावांच्या खालच्या दरातही चांगला माल मिळतो.

प्रश्न असा विचारावा की, दर कशामुळे कमी झाला? खोका साधा आहे, चमक कमी आहे, जाहिरात नाही, यामुळे दर उतरला असेल तर तो आपला फायदा. पण पोलाद हलके वापरले, घडविण्याऐवजी ओतले किंवा पाणी देण्याचे काम वाचविले, यामुळे उतरला असेल तर तो तोटा. पहिली बचत डोळ्यांना दिसते, दुसरी दिसत नाही. पारख म्हणजे ही न दिसणारी बचत शोधून काढणे.

घडीव की ओतीव?

तापवून घणाखाली घडविलेल्या पोलादात कणांची ओळ हत्याराच्या आकाराबरोबर वळते, त्यामुळे ते वाकेल पण सहसा एकदम तुटणार नाही. ओतीव लोखंड ठिसूळ असते. कडेला पाहा. घडीव मालावर साच्याची रेघ रुंद असते व ती घासून काढलेली दिसते. ओतीव मालावर ती बारीक व उठावाची असते, पृष्ठभाग वाळूसारखा खरखरीत असतो आणि कोपऱ्यांत बारीक छिद्रे दिसतात. पाना दोऱ्याने टांगून दुसऱ्या पान्याने हलकेच ठोका. घडीव पोलाद घंटीसारखे वाजते, ओतीव माल बद्द आवाज देतो. जाड रंगाखाली वा चमकीखाली हे सारे झाकले जाते, म्हणून फार चमकणाऱ्या मालाकडे अधिक बारकाईने पाहावे.

मात्र सगळेच ओतीव वाईट नसते. व्हाइसचे अंग ओतीव असते, चांगल्या पाईप पान्याची मूठही ओतीव असू शकते. जबडे मात्र घडीवच हवेत.

'पाणी' कसे ओळखावे?

पोलाद तापवून विझविले की कडक होते आणि पुन्हा थोडे तापविले की त्यात चिवटपणा येतो. यालाच कारागीर 'पाणी देणे' म्हणतात. पाणी कमी पडले तर धार मुडपते, जास्त झाले तर तुकडा उडतो. पारख सोपी आहे. खिशात एक जुनी बारीक कानस ठेवा आणि दुकानदाराच्या परवानगीने पक्कडीच्या धारेच्या टोकाला हलकेच घासा. कानस सहज खात असेल तर धार मऊ आहे. कानस घसरत असेल तर पाणी चढलेले आहे. पाना मात्र धारेइतका कडक नसतो, त्यावर कानस थोडी लागणारच.

घरी सहाणेवर धार लावताना पटाशी वा छिन्नी निळी पडू देऊ नका. सुमारे ३०० अंश सेल्सिअसला पोलादावर निळा रंग येतो, म्हणजे धारेचे पाणी उतरले. मग "माल खराब निघाला" म्हणून दुकानदाराशी भांडण्यात अर्थ नाही. धार लावताना वारंवार पाण्यात बुडवावे.

दुकानातली पाच मिनिटे

१. पक्कड : मिटून उजेडासमोर धरा. धारेतून उजेड दिसू नये. बारीक तारेचा एक पदर धारेच्या टोकाला, मध्ये व मुळाशी कापून पाहा. सांधा सैल नसावा आणि घट्टही नसावा. कापल्यावर धारेवर खाच पडली तर पक्कड परत ठेवा.

२. पाना : सोबत नवे बोल्ट न्या. ८ मिलिमीटरच्या बोल्टच्या डोक्याला १३ नंबरचा पाना लागतो. तो सहज बसावा, पण बसल्यावर डुलू नये. डुलणारा पाना नटाचे कोपरे खातो आणि मग गिऱ्हाईकाचा नटही आपल्याच माथी येतो.

३. पेचकस : टोक स्क्रूच्या खाचेत पूर्ण भरले पाहिजे. मूठ घट्ट धरून दांडा पिळून पाहा. मुठीत दांडा फिरला तर तो पेचकस नव्हे, खेळणे आहे.

४. हातोडी : दांड्याच्या लाकडाचे रेषे लांबीच्या दिशेने सरळ जाणारे हवेत, गाठ नको. डोळ्यात पाचर बसलेली हवी. एका हातोडीने दुसरीवर कधीही ठोकू नका. दोन्ही तोंडे कडक असतात, उडालेला तुकडा डोळा घेऊन जातो.

५. हॅकसॉ पाते : जाड नरम लोखंडाला इंचाला १८ दात, साधारण कामाला २४, पातळ पत्रा व नळीला ३२. कापताना कमीत कमी तीन दात कामावर टेकलेले असावेत. पुष्कळ पाती वाईट पोलादामुळे नव्हे, चुकीच्या दातामुळे तुटतात.

६. गुण्या : सरळ कडेच्या फळीवर एक रेघ ओढा, गुण्या उलटवून त्याच ठिकाणी दुसरी ओढा. रेघा एकमेकींवर पडल्या तर गुण्या खरा. लेव्हलही अशीच फिरवून पाहावी. फिरविल्यावर बुडबुडा त्याच रेघेवर आला पाहिजे.

७. मोजपट्टी : तिच्यावर अचूकतेचा वर्ग रोमन आकड्यात छापलेला असतो. दुसऱ्या वर्गाच्या ५ मीटर पट्टीत जास्तीत जास्त १.३ मिलिमीटरची चूक चालते. वर्गच छापलेला नसेल तर खिडकी-दरवाजाच्या मापाला ती पट्टी वापरू नये.

विजेच्या कामाचा इशारा

येथे पैशाचा नव्हे, जिवाचा प्रश्न आहे. पक्कडीवर लाल-पिवळे प्लास्टिक चढविले म्हणजे ती विजेपासून वाचविते, असे नव्हे. साधे आवरण केवळ पकडीसाठी असते. वाचविणाऱ्या हत्यारावर दोन त्रिकोणांची खूण व १००० व्होल्टचा आकडा उमटविलेला असतो आणि असे प्रत्येक हत्यार विजेवर तपासलेले असते. आवरणाला चीर पडली की तेही बाद समजावे. आणि खूण असली तरी आधी मेन स्वीच बंद करणे हाच पहिला नियम.

खुणा वाचायला शिका

आयएसआय खूण पाहिली की आपण समाधान मानतो. खूण पूर्ण वाचा. वर भारतीय मानकाचा क्रमांक असतो. पक्कडीला ३६५०, उघड्या तोंडाच्या पान्याला २०२८, पाईप पान्याला ४००३, पोलादी हातोडीला ८४१. खाली सीएम/एल अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. हा क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर या मोबाइल ॲपवर घालून पाहता येतो. क्रमांक नसलेली नुसती खूण म्हणजे सही नसलेला चेक. 'क्रोम व्हॅनेडियम' हे शब्द पोलादाची जात सांगतात, पाणी बरोबर दिले की नाही हे सांगत नाहीत. ते शब्द ठोकायला एक साचा पुरतो.

पॅकबंद मालावर उत्पादक वा आयातदाराचे नाव-पत्ता, महिना-वर्ष, कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापणे बंधनकारक आहे. पत्ताच नसेल तर वॉरंटी मागायची कोणाकडे?

गॅरंटी, वॉरंटी आणि 'आजीवन'

बाजारात साधारण समज असा की गॅरंटी म्हणजे बदलून मिळणार आणि वॉरंटी म्हणजे दुरुस्त करून मिळणार. हा समज कायद्याने बांधलेला नाही. कागदावर जे लिहिले असेल तेच खरे. म्हणून चार गोष्टी वाचाव्यात : मुदत किती, कोणते दोष धरले आहेत, काय वगळले आहे आणि हत्यार कोठे न्यायचे.

हातहत्यारांची वॉरंटी बहुधा केवळ बनावटीच्या दोषापुरती असते. झीज, गंज, बोथट धार त्यात येत नाही. पाती, कानशी, ड्रिलची टोके संपणारा माल म्हणून वगळलेली असतात. 'आजीवन' म्हणजे आपले आयुष्य नव्हे, त्या हत्याराचे साधारण कामाचे आयुष्य. आणि चुकीचा वापर दिसला की दावा गेला. पान्याला पाईप लावून लांबविणे, पेचकसाला छिन्नी करणे, पाईप पान्याने ठोकणे, या खुणा हत्यारावर राहतात आणि कंपनीचा माणूस त्याच आधी शोधतो.

कायदा कारागिराच्या बाजूने

पुष्कळांना वाटते की धंद्यासाठी घेतलेल्या मालाला ग्राहक कायदा लागू नाही. हे अर्धसत्य आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू आहे. विकण्यासाठी वा व्यापारी हेतूने घेणारा त्यात ग्राहक ठरत नाही. पण जो स्वयंरोजगारातून आपली उपजीविका चालविण्यासाठीच वस्तू घेतो व स्वतः वापरतो, तो ग्राहक ठरतो. सुतार, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, गवंडी, मेकॅनिक यांना हे कलम तोंडपाठ असावे.

याच कायद्यात बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. सदोष माल बिलावरील मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे, हीही तशीच. म्हणजे "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी सदोष मालाला लागू होत नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत, आपण राहतो वा काम करतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे करता येते. भरलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहावा. पुष्कळ प्रकरणे तेथेच मिटतात.

१९३० च्या मालविक्री कायद्यातील एक गोष्टही उपयोगी आहे. आपण काम सांगून, दुकानदाराच्या जाणकारीवर विसंबून माल घेतला, तर तो माल त्या कामाला योग्य असला पाहिजे. पण आपणच ठरावीक ब्रँडचे नाव घेऊन मागितला तर हा आधार राहत नाही. तसेच तपासून घेतलेल्या मालातील सहज दिसणारा दोष मागाहून सांगता येत नाही. तेव्हा काम सांगा, नीट तपासा आणि बिलावर हत्याराचे नाव, माप व मुदत लिहून घ्या.

दुकानदार बंधूंना

ऐब सांगून विकणे ही आपल्या व्यापाराची जुनी शिकवण आहे आणि हिशेबानेही ती फायद्याचीच ठरते. घाऊक माल उचलताना प्रत्येक खेपेतून दोन-चार नग फोडून, वाकवून पाहा. घाऊक व्यापाऱ्याकडून बदलून देण्याची हमी लेखी घ्या. नाहीतर आपण दिलेल्या शब्दाचे ओझे आपल्याच गल्ल्यावर पडते. हलका माल ठेवू नये असे आम्ही म्हणत नाही. घरात वर्षातून दोनदा खिळा ठोकणाऱ्याला तो पुरतो. पण रोज आठ तास राबणाऱ्याला तोच माल देताना "हे घरगुती आहे, कामाचे नाही" एवढे एक वाक्य बोलावे.

कारागिरांनीही साधा हिशेब करावा. समजा, दीडशेची पक्कड सहा महिने टिकली आणि चारशेची चार वर्षे. चार वर्षांत स्वस्त पक्कडीवर बाराशे रुपये गेले. शिवाय प्रत्येक वेळी काम अडले ते वेगळेच. पैसे कमी असतील तर सगळी पेटी एकदम भरू नका. ज्या हत्यारावर जोर पडतो, धार असते किंवा जीव अवलंबून असतो, ते आधी चांगले घ्या. बाकीचे हळूहळू होतील.

त्या प्लंबरच्या पाईप पान्याचे पुढे काय झाले, हे सांगून थांबतो. दोघांना एकत्र बसविल्यावर दुकानदाराने पान्याची किंमत परत केली. नऊ दिवसांची रोजी मात्र कोणी परत करू शकले नाही. आता त्या दुकानात गल्ल्याशेजारी एक छोटा व्हाइस बसविला आहे, काही नटबोल्ट ठेवले आहेत आणि लहानात लहान विक्रीचेही बिल फाडले जाते. आपल्या दुकानात हे करायला असा अपघात होण्याची वाट पाहू नये.